चार वाजताची नोंद

तो माणूस चिंगीलाही दिसला होता...!

ताईच्या हातातली किटली तशीच राहिली. कपात पडायचा चहा बशीत पडला, बशीतून टेबलावर ओघळला, तरी तिला भान नव्हतं. आठ वर्षं जी गोष्ट मनाचा खेळ म्हणून तिने दडपून ठेवली होती, जिच्याबद्दल कुणापाशी ब्र काढायची तिची हिंमत झाली नव्हती, ती ही पोर चहात बिस्कीट बुडवता बुडवता सहज विचारत होती. "आत्या, काल मागच्या रांगेत ते आजोबा कोण होते गं? डॉक्टर तर दिसत नव्हते."

चिंगी म्हणजे ताईच्या धाकट्या भावाची मुलगी. डॉक्टर होऊन तिला तीन आठवडे झाले होते. कागदोपत्री तिचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण घरात एकदा चिंगी पडलं की ते पुसायला कुठलीच पदवी पुरत नाही. आत्याच्या घरी ती आपल्या पायांनी आज पहिल्यांदाच आली होती. लहानपणापासून तिला एवढंच ठाऊक होतं की बाबा आणि आत्या एकमेकांशी बोलत नाहीत, आणि का बोलत नाहीत ते विचारायचं नसतं. काल नव्या डॉक्टरांच्या मार्गदर्शन वर्गात आत्या बोलायला उभी राहिली, आणि तिचं ते कपाळ, ते बोलता बोलता डावी भुवई उचलणं थेट बाबांचं आहे हे पाहून पोरीला राहवलं नाही. नोकरीचं पत्र दाखवायचं निमित्त करून ती येऊन थडकली होती.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ताईचं निम्मं आयुष्य त्या पायरीवरच गेलं होतं. डॉक्टरांना कायद्याचा सल्ला देणाऱ्या एका संस्थेत ती काम करायची. कुणावर तक्रार झाली, कुणाला नोटीस आली, कुणी रुग्णाचा हात कापला आणि दुखत होता पाय, की पहिला फोन ताईला. आणि वर्षातून एकदा नव्याने पास झालेल्या डॉक्टरांसमोर उभी राहून ती तास-दीड तास बोलायची. नोंदणी वेळेवर करा. विमा उतरवल्याशिवाय पहिल्या रुग्णाला हात लावू नका. नोकरीचं पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, कारण सगळी मेख तिथेच मारलेली असते. शस्त्रक्रिया जो करणार त्यानेच संमती घ्यावी. मुलं जांभया देत ऐकायची, पाठीमागे कुणीतरी खुसखुसायचं. मग ताई दिवे मंद करायला सांगायची आणि पडद्यावर एक जुना कागद दाखवायची.

कागदावर एकच नोंद होती. 'दुपारी ४.०० : रुग्ण जागी. बोलते. खिडकी बंद करायला सांगितली. तक्रार नाही.' खाली आडनावाची सही. शेजारी दुसरा कागद, त्याच रुग्णाच्या मृत्यूचा. त्यावर वेळ होती तीन वाजून दहा मिनिटं.

"म्हणजे पन्नास मिनिटांपूर्वी मेलेली बाई बोलते आहे, आणि तिची काही तक्रार नाही," ताई शांतपणे सांगायची. मुलं आधी हसायची आणि मग हळूहळू सगळा हॉल गप्प व्हायचा. "दुपारच्या नोंदी सकाळीच एका बैठकीत लिहून मोकळं व्हायची तेव्हा पद्धत होती. सगळेच करायचे. ही नोंद मी लिहिली. माझी नोंदणी तीन वर्षं निलंबित झाली, आणि मी ती परत मागायला गेले नाही. जे पाहिलं नाही ते लिहू नका."

त्या अंधुक उजेडात, नेमक्या त्याच क्षणी तो दिसायचा! शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला एक कृश माणूस. पडद्याकडे नाही, ताईकडेही नाही, त्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे तो पाहत असायचा, जणू तिथे कुणी उभं आहे. दिवे लागले की खुर्ची रिकामी. पहिल्या वर्षी तिने शिपायाला विचारलं होतं. त्या रांगेत मी कुणाला बसूच देत नाही बाई, तो म्हणाला होता. त्या दिवसापासून ताईने कानाला खडा लावला होता.

"मी बाहेर गाठून बोलले त्यांच्याशी," चिंगी म्हणाली. "तुझा पत्ता विचारत होते."

"आणि तू दिलास?"

"म्हातारे होते गं. रडवेले झाले होते."

काल तासभर गोपनीयतेवर व्याख्यान ऐकून आलेली ही डॉक्टरीण! ताई तिला चार शब्द सुनावणार होती, पण ती उठून उभी राहिली. दाराची घंटा वाजली होती. एकदाच, आणि इतकी हळू की वाजवणाऱ्याने बोट लगेच मागे घेतलं असावं.

दारात उभा असलेला माणूस भूत नव्हता, हे एका परीने बरंच झालं. त्याच्या खांद्यावर शिंप्याची टेप होती. काढायची राहून गेली असावी. तो पायपुसण्यावर बराच वेळ पाय पुसत राहिला, मग खुर्चीच्या कडेवर बसला आणि खिशातून प्लास्टिकमध्ये जपलेला एक कागद काढून त्याने टेबलावर ठेवला. पडद्यावर ताई दाखवायची तोच कागद, त्याला चौकशीत मिळालेली प्रत. घड्यांवर झिरझिरीत झालेला.

ताईने त्याला ओळखलं. सव्वीस वर्षांपूर्वी चौकशीच्या खोलीत तो एकदाच आला होता, काळेभोर केस, हातात टोपी. त्या बाईचा नवरा. त्याने शिव्या दिल्या असत्या तर ताईला सोसलं असतं, पण तेव्हाही तो काही बोलला नव्हता.

तो पांढरे कोट शिवायचा. पास झालेली मुलं माप द्यायला येत, गप्पांत त्या वर्गाचा विषय निघे, आणि अशी एक बाई अशी एक गोष्ट सांगते हे त्याने तिथेच ऐकलं होतं. पहिल्या वर्षी दिवे मंद झाल्यावर शिपायाची नजर चुकवून तो नुसता ऐकायला आत शिरला. मग दर वर्षी विचारायचं ठरवून गेला, आणि दर वर्षी दिवे लागायच्या आत पळून आला.

"डॉक्टरबाई, मी भांडायला नाही आलो," तो म्हणाला. "भांडण तेव्हाच संपलं. मला फक्त एक विचारायचंय. तुम्ही सांगता, नोंद सकाळीच लिहून ठेवली होती. पण सकाळी तिला खिडकी नव्हती."

ताईला काहीच कळलं नाही.

त्याने सावकाश सांगितलं, पुष्कळदा मनाशी घोकलेलं असल्यासारखं. त्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोची खाट आतल्या भिंतीशी होती, दोन खाटांच्या मध्ये. तिला उजेड हवा होता. तो मागे लागला, म्हणून दुपारी दोन वाजता खिडकीजवळची जागा रिकामी झाल्यावर त्याने आणि सिस्टरने मिळून खाट तिकडे ढकलत नेली. मग तो खाली डबा खायला गेला. तीन वीसला खाली येऊन कुणीतरी त्याला सांगितलं, की ती गेली.

"सकाळी लिहिणाऱ्याला दुपारची खिडकी कुठून दिसली?" तो म्हणाला. "मी खूप विचार केला. मला वाटतं तुम्ही ते सकाळी लिहिलेलं नाही. तुम्ही चारलाच लिहिलंत. ती तीन दहाला गेली आणि चारला तुमच्याशी बोलली, आणि हे कुणाला सांगता येणार नाही म्हणून तुम्ही सकाळचं नाव केलंत. मी कुणाला सांगणार नाही, बाई. ती आणखी काय बोलली, तेवढंच मला सांगा."

दुपारचं लख्ख ऊन खोलीत आलं होतं आणि तरी ताईच्या अंगावर सरसरून काटा आला. चिंगीचं बिस्कीट केव्हाच चहात विरघळून गेलं होतं. त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत वेड नव्हतं, राग नव्हता, नुसती वाट पाहणं होतं... सव्वीस वर्षांचं! आणि ताईपाशी उत्तर नव्हतं. कारण ती नोंद तिने लिहिलेलीच नव्हती.

ती लिहिली होती धाकट्याने. तेव्हा ताई चार वर्षांची अनुभवी डॉक्टर होती आणि धाकटा महिन्याभराचा, एकाच इस्पितळात, एकाच आडनावाचे. सही नुसत्या आडनावाची. अक्षरही सारखं, कारण वडील लवकर गेलेल्या त्या घरात त्याचा हात धरून त्याला पाटीवर गिरवायला शिकवलं होतं ते ताईनेच. चौकशीच्या खोलीत सगळे एका टेबलाभोवती बसले होते. ही नोंद कुणाची असं विचारलं गेलं, धाकट्याने तोंड उघडलं, त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते... आणि त्याचा शब्द बाहेर पडायच्या आत ताई उभी राहिली. माझी, ती म्हणाली. महिन्याभराच्या पोराचं आयुष्य सुरू व्हायच्या आधीच संपू नये, एवढंच तिच्या मनात होतं. धाकट्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

ती मान त्याने पुन्हा वर केलीच नाही. तो मोठा झाला, नावाजला, एका मोठ्या इस्पितळाचा विभागप्रमुख झाला. पण बहिणीच्या घरचा उंबरा त्याला जड झाला. आई ताईपाशी राहायची. तिला भेटायला तो यायचा ते ताई कचेरीत असताना. घरात येऊन गेलेल्या भावाची खूण म्हणून ताईला सापडायचा तो एक धुऊन पालथा घातलेला पेला. आई गेली त्या दिवशीही तो खाटेच्या त्या बाजूला उभा होता आणि ताई या बाजूला. ज्याच्यासाठी सर्वस्व ओवाळून टाकलं, त्याला आपलं तोंड पाहवत नाही... हे शल्य ताईने कुणाला दाखवलं नाही. पण खरं सांगायचं तर त्या शल्याचा तिला थोडा अभिमानही होता. आपण त्याग केला, त्याने कृतघ्नपणा केला, हे एवढं तिच्याजवळ पक्कं होतं, आणि माणसाला कशाचा तरी आधार लागतोच.

तिने शिंप्याकडे दोन दिवसांची मुदत मागितली. तो गेल्यावर चिंगीने विचारायला तोंड उघडलं, तर ताईने तिला हाताने थांबवलं आणि रविवारी तुझ्या बाबांकडे मला घेऊन चल, एवढंच सांगितलं.

रविवारी दुपारी धाकट्याच्या घरी जेवणाची ताटं मांडलेली होती. दारात चिंगीच्या मागे ताईला पाहून तो उठून उभा राहिला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, आणि तरी ताईला दिसला तो पाटीवर चुकलेलं अक्षर तळहाताने लपवणारा पोरगाच. भावजयीने दोघांकडे पाहिलं, आणखी एक ताट मांडलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

ताईने बसायच्या आधीच विचारलं. "त्या दिवशी चार वाजता तू तिथे होतास?"

"ताई, हे नको विचारूस."

"होतास का?"

"होतो," धाकटा म्हणाला.

आणि मग, खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या उभ्याच, त्याने सगळं सांगितलं. नोंदी आधीच लिहून ठेवायला तो तोवर शिकलाच नव्हता. लबाडीसुद्धा शिकायला वेळ लागतो, आणि त्याला येऊन महिनाच झाला होता. चार म्हणजे चारच्या ठोक्याला तो वॉर्डात गेला. सिस्टर शेजारच्या वॉर्डात गेल्या होत्या. खिडकीजवळच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. अंग पुसायला ओढला असेल असं त्याला वाटलं. त्याने पडदा सारला. बाईचे हात थंड होते, ऑक्सिजनचा मास्क बाजूला लोंबत होता. रुग्ण काढून टाकतात तसा तिनेच काढला असेल म्हणून त्याने तो पुन्हा तिच्या तोंडावर बसवला. तिने डोळे उघडले. खिडकी लावा म्हणाली. त्याने लावली. नाडी अगदी मंद होती, पण होती. त्याने नोंद केली आणि पुढच्या वॉर्डात गेला. पाच वाजता त्याला कळलं, की ती बाई तीन दहालाच गेली होती, आणि वेळ टाकणारी सही त्याच्या बहिणीची होती.

ताई मटकन खुर्चीत बसली.

तीन वाजून दहा मिनिटं. अपघात विभागातला तो फोन. समोर रक्तबंबाळ माणूस, ताईचे दोन्ही हात त्याच्या जखमेवर दाबलेले, आणि सिस्टरने धरलेला रिसीव्हर तिच्या कानाशी. वरच्या सिस्टरचा घाबरा आवाज, खिडकीजवळच्या बाईची नाडी लागत नाही. आणि ताईचा आवाज, घाईतला, खात्रीचा. वेळ टाका, मास्क काढा, पडदा ओढा, खाली नातेवाइकांना सांगा, मी येतेच. सगळेच करायचे. फोनवरून मृत्यू सांगायचा आणि सवड झाली की वर जाऊन सही करायची. साडेचारला ती वर गेली. व्यवस्थित तपासलं. बाई गेलेलीच होती. सही करताना तिने सिस्टरने सांगितलेली वेळ लिहिली. पण त्याआधी... त्याआधी त्या बाईच्या तोंडावर मास्क होता. सिस्टर काढायला विसरली असं मनाशी म्हणत ताईने तो स्वतः काढला होता. आणि त्या मास्कच्या आतल्या बाजूला धुकं होतं! उबदार, ओलं धुकं. ताईने ते अंगठ्याने पुसलं होतं, आणि सव्वीस वर्षांत त्या पुसण्याची आठवण तिला एकदाही झाली नव्हती.

जे पाहिलं नाही ते लिहू नका, असं ती वर्षानुवर्षं सांगत आली होती. दुसऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर घेऊन सांगते आहोत या थोर भावनेने सांगत आली होती. आणि ते खोटं नव्हतंच मुळी. न पाहता लिहिण्याचा तो गुन्हा शब्दशः तिचाच होता.

"मी त्या खोलीत हेच बोलणार होतो," धाकटा म्हणाला. "की मी सकाळी नाही लिहिलं, मी तिला पाहिलं. आणि तू उठलीस. उठून माझी म्हणालीस. त्या क्षणी मला कळलं, की तुला ठाऊकच नाही. चुकीच्या नोंदीला निलंबन होतं, ताई. जिवंत बाईचा मास्क काढायला लावला, त्याला तुरुंग. मी गप्प बसलो."

"मला सांगायचं तरी."

"तू जगली असतीस?"

धाकट्याने खुर्चीची पाठ सोडली. तो तिच्याकडे येत नसे तो कृतघ्नपणाने नव्हे. समोर बसलो, तिने एकदा जरी म्हटलं की तुझ्यासाठी केलं रे, तर तोंडातून निघून जाईल, या धास्तीने तो येत नसे. बहिणीला भित्रा वाटलो तर वाटू दे, आईला अप्पलपोटा वाटलो तर वाटू दे... तिची झाकली मूठ झाकलेली राहू दे! ज्याला वाचवलं असं ती आयुष्यभर समजत होती, त्यानेच तिला आयुष्यभर पाठीशी घातलं होतं, आणि वर तिची नजर, तिचा अबोला, तिचा तो अभिमान, सगळं निमूटपणे सोसलं होतं. ताईच्या घशातून हुंदका फुटला तो असा, की स्वयंपाकघरातून भावजय धावत आली. धाकटा खाली बसला आणि त्याने लहानपणी टेकायचा तसं कपाळ तिच्या गुडघ्याला टेकलं. तिने त्याच्या पिकल्या केसांतून हात फिरवला. ताटं कितीतरी वेळ तशीच निवत राहिली.

बऱ्याच वेळाने ताईने डोळे पुसले. तिला तिच्या कामाचा प्रश्न विचारायचा होता, आणि तो तिने अंगावर तोफेचा गोळा झेलावा तसा विचारला. ती बाई जगली असती का?

"मला नाही वाटत," धाकटा म्हणाला. "तास-दोन तासांची होती. पण हे महिन्याभराच्या डॉक्टरचं मत आहे. आणि ताई... ती आणखी एक बोलली होती. मी ते लिहिलं नाही."

काय, ते त्याने तिला सांगितलं. ताईने डोळे मिटून घेतले.

असा फोन तिला एखाद्या डॉक्टरने केला असता तर तिने आधी वकील गाठायला सांगितलं असतं, नातेवाइकांपुढे तोंड उघडायच्या आधी निवेदनाचा कच्चा मसुदा मागितला असता. तिने तसं धाकट्याला सांगितलं. "मग?" तो म्हणाला. "मग काय, चल," ताई म्हणाली. वैद्यकीय परिषदेला पत्र ती उद्या स्वतःच पाठवणार होती. तिची नोकरी जाणार हे तर उघडच होतं. लपवल्याबद्दल त्याचं पदही जाईल, म्हणून तू घरीच थांब, असं तिने एकदा म्हणून पाहिलं. धाकट्याने चपला शोधायला सुरुवात केली होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, चिंगीची आई पुटपुटली, आणि चिंगीने गाडीची किल्ली घेतली.

शिंप्याचं दुकान रविवार असून उघडं होतं. आत दोन्ही भिंतींना तयार पांढरे कोट टांगलेले, एकाला एक लागून, बाह्या खाली सोडलेल्या, मान नाही, हात नाहीत. पंख्याच्या वाऱ्याने त्या बाह्या मधूनच किंचित उचलल्या जात. म्हातारा मशीनपाशी बसला होता. चिंगी दारातच थांबली. आत पाऊल टाकायला तिचा धीर झाला नाही.

ताईने उभ्याने सांगितलं. फोन, मास्क, पडदा, तीन दहा, साडेचार. एक शब्द झाकला नाही, एक शब्द आपल्या बाजूचा घातला नाही. धाकट्याने त्याचं सांगितलं. म्हाताऱ्याचा हात मशीनच्या चाकावर होता, तो तिथेच राहिला.

"म्हणजे ती मेल्यावर नाही बोलली," तो म्हणाला.

"नाही. जिवंत होती," ताई म्हणाली.

"चारला?"

"चारला."

तो हिशेब लावत होता, हे तिला दिसत होतं आणि तिला तो थांबवता येत नव्हता. "मला तीन वीसला खाली सांगितलं," तो म्हणाला. "वर जायला पाय उचलेना. मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. पाच वाजेपर्यंत. एकच मजला होता, बाई."

त्याने धाकट्याकडे पाहिलं. "खिडकी म्हणाली. आणखी काय म्हणाली?"

नावाजलेला, शेकडो नातेवाइकांना शेकडो वाईट बातम्या सांगितलेला तो डॉक्टर, त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. "म्हणाल्या, ते खाली असतील, त्यांना वर पाठवा." मग एकदम, कुणी थांबवायच्या आत, तो बोलून मोकळा झाला. "मी हो म्हटलं होतं. वॉर्डबॉयला सांगेन म्हणून निघालो आणि पुढच्या वॉर्डात मला बोलावलं. मी विसरलो. ती तक्रार नव्हती, म्हणून लिहिलंही नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली, बराच वेळ हलवत राहिला. तो आता ओरडेल, समोरची कात्री फेकेल, आपल्याला शाप देईल, असं ताईला वाटलं. वाटलं नव्हे, तिने मनोमन त्याची याचना केली. त्याने कागद प्लास्टिकमधून काढला, कापडं बाजूला सारून टेबलावर पसरला आणि खडूच्या तुकड्यांतून पेन शोधून तिच्यापुढे धरलं.

"खरं लिहा यावर."

जुनी नोंद खोडायची नसते, हे ताई दर वर्षी मुलांना शिकवायची. चूक कळली की खाली नवी नोंद करायची, आणि तारीख-वेळ घालायची ती लिहितानाची. तिने आजची तारीख घातली. घड्याळात पाहून आत्ताची वेळ घातली. मग लिहिलं, की मृत्यूची वेळ तीन दहा ही मी न पाहता लिहिली. चार वाजता रुग्ण जिवंत होती. मास्क माझ्या सांगण्यावरून काढला गेला. खाली तिने आपलं संपूर्ण नाव लिहिलं. धाकट्याने तिच्या हातून पेन घेतलं आणि आपली नोंद पुरी केली, 'नवऱ्याला वर पाठवा म्हणाली. मी निरोप दिला नाही,' आणि त्याखाली त्याचं संपूर्ण नाव. दोन्ही अक्षरं इतकी सारखी होती, की एकाच हाताने लिहिल्यासारखी वाटत होती.

म्हाताऱ्याने शेवटच्या ओळी ओठ हलवत दोनदा वाचल्या. मग तो उठला. समोरच्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर कापलेली कापडं रचली होती, ती त्याने उचलून खाली ठेवली. स्टूल हाताने झटकलं. आपली खुर्ची ओढून त्याच्यासमोर आणली.

"आता तुम्ही जा," तो अगदी सौम्यपणे म्हणाला. "तिने मला बोलावलंय. मला थोडा वेळ तिच्याजवळ बसू द्या."

ती दोघं बाहेर आली. मागे दुकानाचं शटर अर्ध्यापर्यंत खाली आलं. भर दुपारची रस्त्यावर रहदारी होती, चिंगी गाडीला टेकून तोंड फिरवून रडत होती. ताईने धाकट्याचा हात धरला, आणि तिथून हलायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. शटरच्या खालून म्हाताऱ्याचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. तो बोलत होता, आणि मधून मधून थांबत होता. समोरचं माणूस बोलत असलं की आपण थांबतो, तेवढाच वेळ.